चौकातली बाई

“त्या बाईशी तूच बोल ना निलम, तुला बरोबर जमेल,” प्राजक्ता म्हणाली, आणि निलमच्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला. म्हटलं तर त्यात काहीच नव्हतं. तलासरीच्या त्या सरकारी ऑफिसात, मागच्या रेकॉर्डच्या खोलीत, जुन्या गठ्ठ्यांच्या कुबट वासात चौघीजणी रोजच्यासारख्या डबा खात बसल्या होत्या. मधल्या टेबलावर प्राजक्ताचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर हिमालयातल्या किन्नौरच्या सहलीचा आठ दिवसांचा कार्यक्रम होता. पहिला दिवस चंदीगड, दुसरा नारकंडा, तिसरा सांगला असं मोठ्यानं वाचत वाचत प्राजक्ता पाचव्या दिवसापाशी आली आणि तिचा आवाज एकदम लाडात आला. ‘आदिवासी घरात मुक्काम. चुलीवरचं जेवण. घरच्या नवरीच्या पोशाखात आणि दागिन्यांत फोटो.’ आदिवासी हा शब्द तिनं सेंद्रिय गुळाबद्दल बोलावं तसा उच्चारला. शितलनं टाळ्या वाजवल्या. दक्षानं ‘अरे वा, मस्त ने’ म्हणत लोणच्याची बरणी सगळ्यांकडे फिरवली. मग त्या घरच्या बाईला फोन करून पोशाखाचं पक्कं करायला हवं असं निघालं, आणि कोण करणार, कोण करणार म्हणता म्हणता तिघींच्या नजरा फिरत निलमवर येऊन थांबल्या. नऊ वर्षं या तिघींनी निलमच्या जातीचा विषय एकदाही काढला नव्हता. आडनाव हजेरीपटावर होतं, दाखला सेवापुस्तकात होता, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण आपण तो विषय काढत नाही हा आपला केवढा मोठेपणा, हे तिघींच्याही चेहऱ्यावर अधूनमधून दिसून जायचं. आज प्राजक्तानं तरी कुठं काढला? नुसतं ‘तुला बरोबर जमेल’ म्हणाली आणि भेंडीची भाजी पुढे केली.

निलमला शिसारी आली. आधी त्या भेंडीची आली, तिच्या तारेची आली, मग दक्षाच्या बोटांना लागलेल्या तेलाची, मग शितलची. शितल बया तर कालच घरपोच आलेलं थर्मल अंगात घालून बघत होती. मार्च महिना, बाहेर तलासरीचा रस्ता उन्हानं तापलेला, पंखा मेल्यासारखा फिरतोय, आणि ही गळ्यापर्यंत काळं थर्मल चढवून घामाघूम, वर विचारतेय की उणे दोनमध्ये चालेल ना गं हे. त्या नव्या कापडाचा आणि घामाचा मिळून जो वास सुटला होता तो निलमच्या नाकात जाऊन बसला. तिनं घास कसाबसा गिळला आणि म्हणाली, बोलते मी. आणि हे ‘बोलते मी’ म्हणताना आपला आवाज किती गोड लागला, या गोष्टीची तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

कारण खरी गोम अशी की या सहलीसाठी ती नऊ वर्षं झुरली होती. या तिघी महाबळेश्वरला गेल्या, उदेपूरला गेल्या, एकदा गंगटोकलाही जाऊन आल्या, आणि दर वेळी परत आल्यावर निलमला चॉकलेट नि फोटो. तिला विचारलं नाही असं नव्हे, पण ते विचारणं असं असायचं की नाही म्हणायला सोपं जावं. या वर्षी मात्र प्राजक्ता सरळ म्हणाली, निलम, तू येतेच आहेस. झालं. निलमनं कामाला जुंपून घेतलं. वापीहून गाडी कुठली, चंदीगडहून टेम्पो ट्रॅव्हलर कुणाचा, उंचावर डोकं धरतं त्याच्या गोळ्या कधी घ्यायच्या, लसणाचं सूप बरं की कापूर हुंगलेला बरा, सगळं तिनं वहीत उतरवून काढलं. दक्षाचे साठ थेपले कुठल्या बॅगेत जाणार हेसुद्धा तिला पाठ होतं. डहाणू रोडच्या आपल्या दोन खोल्यांत ती रात्री जेवणं झाली की फोनवर बर्फाचे व्हिडिओ लावून बसायची. नवरा नविन, तोही तिच्याच समाजातला, तलासरीकडचा, शाळेत मास्तर. तो चेष्टा करायचा की बर्फ काय, आपल्या फ्रीजमध्ये पण साचलाय, खरवडून काढ. त्याला काय सांगणार? तिला बर्फ नको होता. जिथं आपल्याला कुणीही कुणाची म्हणून ओळखत नाही अशा जागी उभं राहून एकदा छाती भरून श्वास घ्यायचा होता, आणि तो या तिघींच्या शेजारी उभं राहून, त्यांच्यातलीच एक म्हणून घ्यायचा होता. आता बघा, श्वास घ्यायला निघाली कुठं आणि नाकात वास गेला कसला.

फोन तिनं मागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन केला. त्या बाईचं नाव डोल्मा. आवाज निलमच्याच वयाचा, हिंदी सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘दीदी’. राहण्याचं ठीक, जेवणाचं ठीक, गरम पाणी सकाळी एक बादली मिळेल. पोशाखाचं काढल्यावर मात्र डोल्मा थांबली. म्हणाली, सासूबाई जाऊन वर्ष झालेलं नाही, त्यामुळे घरातली नवरीची पेटी उघडलेली नाही. वर्षाच्या आत आमच्या घरी ती उघडत नाहीत. दुसरं काहीही सांगा, दीदी. इथं कोणी शहाणी बाई ‘बरं’ म्हणाली असती आणि फोन ठेवला असता. निलमच्या डोळ्यांपुढे तिघींचे चेहरे आले. ‘तुला जमेल’ म्हणाल्या होत्या, आणि जमलं नाही म्हणून आत कसं जायचं? मग ती बोलायला लागली. आम्ही चौघी चांगल्या घरच्या बायका आहोत, फोटोपुरतंच हवंय, आम्ही रिव्ह्यू पण फार छान देऊ, पाच स्टार देऊ. आणि मग निलमच्या तोंडून ते वाक्य निघालं, अगदी सहज, नेहमीचं असल्यासारखं. “दस मिनट का तो काम है. किसको पता चलेगा?” मग डोल्मा म्हणाली, सोचकर बताती हूँ, दीदी. निलम टाकीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि खाल्लेलं सगळं तिथंच ओकली. कारण वाक्य तिचं नव्हतं. ते तिनं नऊ वर्षांची असताना, आशागडजवळच्या आपल्या पाड्यावर, स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून ऐकलं होतं. फक्त तेव्हा ते मराठीत होतं.

तेव्हा पाड्यावर एक बस आली होती. पांढरी, काचा बंद असलेली बस. तिच्यातून उतरलेल्या माणसांना पाड्यावरचं खरंखुरं चित्र बघायचं होतं, कागदावरचं नको, भिंतीवरचं, आणि तेही काढताना बघायचं होतं. त्यांना घेऊन आलेला एक साहेब होता, त्याला मराठी यायचं. त्यानं चार घरं हिंडून शेवटी निलमच्या आईला, जिवलीला गाठलं, कारण भिंतीवरचा चौक काढावा तर जिवलीनं असं सगळे म्हणायचे. आता पाड्यावर देवीचा चौक असा मागितला नि काढला, असं नसतं. तो लग्नघरी निघतो. सवाशिणी तांदूळ वाटतात, भिंत गेरूनं सारवतात, लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणते, आणि मग चौकोनाच्या आत पालघाट देवी येऊन बसते, तिच्यासमोर लग्न लागतं. निलमच्या घरात त्या वर्षी कुणाचं लग्न नव्हतं. आई म्हणाली, लग्नाशिवाय कसा काढू, बाबा? आणि तो साहेब हसून म्हणाला, अहो दहा मिनिटांचं तर काम आहे, कोणाला कळणार आहे? आईनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. बसमधून उतरलेली एक बाई, काळा चष्मा, पांढरी विजार, जिवलीच्या अंगावरची गळसरी दोन बोटांनी उचलून बघत होती, विचारलं नाही की सवरलं नाही. आई उठली, घरात गेली, तांदूळ भिजत घातले.

निलम दारात उभी होती. तिच्या हातात कुणीतरी क्रीमचं बिस्कीट दिलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, पण ती खूश होती. बिस्कीट उघडून आतलं क्रीम चाटत ती बघत होती की आई बांबूच्या काडीनं भरभर रेघा ओढतेय, कडेची साखळी, कोपऱ्यात सूर्य आणि चांद, शिडी, फणी, आणि मग मध्ये ती. माणसं खाली वाकून वाकून फोटो काढत होती. चष्मेवाल्या बाईनं तर चित्रासमोर हात जोडून, डोळे मिटून एक फोटो काढून घेतला. पाड्यावरच्या बायका अंगणाच्या कडेला घोळका करून उभ्या होत्या आणि पदर तोंडात कोंबून हसत होत्या. त्या हसतायत म्हटल्यावर निलमच्या तोंडातलं क्रीम आंबट झालं. तिला वाटलं, त्या आईला हसतायत. देवीला बाजारात बसवली म्हणून हसतायत. संध्याकाळी बस गेल्यावर पाड्यावरच्या झिपरूची म्हातारी आजी काठी टेकत आली, भिंतीकडे बघितलं, आणि हसत हसत निलमच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, लग्न नसता बोलावली ना, ती आता राहते बघ तुझ्याच घरात. म्हातारी चेष्टा करत होती की खरं बोलत होती, नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार?

चार वर्षांनी बाप ताडावरून पडला. ताडी काढायला रोज चढायचा तो माणूस, त्या झाडाची खाच न् खाच त्याला ठाऊक, आणि पडला. तेव्हा निलम आश्रमशाळेत होती. तिला घ्यायला आले, ती घरी आली, मयत बघितलं, आणि नंतर तिनं भिंतीकडे बघितलं. चौक पुसट झाला होता, पण होता. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. कुणाला बोलली नाही. कुणाला बोलणार, आईनंच तर केलेलं. सुट्टीत घरी आली की रोज दिवेलागणीला सगळे बाहेर असताना ती त्या चित्रासमोर बसायची, हात जोडायची, सांगायची की आता बस झालं, सुकऱ्याला काही करू नकोस. सुकऱ्या तिचा भाऊ. पुढं घरकुल मंजूर झालं, कुडाची भिंत पडली, विटांची आली, तेव्हा कुठं तिला सुटल्यासारखं झालं. पण आईच्या हातची भाकरी घेताना त्या हाताकडे बघायचं नाही ही सवय मात्र राहून गेली. आईची बोटं, नखांत अडकलेलं पीठ, पांढरट. बघितलं की पोटातून काहीतरी वर यायचं. निलमचं लग्न ठरलं तेव्हा तिनं निक्षून सांगितलं की हॉलमध्ये करायचं, चौक नको, धवलेरी नको, काही नको. आई बरं म्हणाली. आई स्वतः तर विधवा, तिला चौकाला हात लावता येणार नव्हताच; पण मुलगी चौकच नको म्हणते म्हटल्यावर ती हॉलच्या मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि आइस्क्रीम खाऊन घरी गेली. जीव जळतो माणसाचा, पण आतड्याचं माणूस असून निलमचा तेव्हा जळला नाही. तिला बरं वाटलं होतं.

आणि आता हे. मे महिन्याच्या ज्या आठवड्यात सहल ठरली, नेमकं त्याच आठवड्यात सुकऱ्याच्या पोरीचं, रूपीचं, लग्न निघालं होतं. आईनं महिन्यापूर्वीच निरोप पाठवला होता की नवरीच्या आईला लग्नात सतरा कामं, घरातली दुसरी सवाशीण तूच, चौकाला हात तुझा लागायला पाहिजे, चार दिवस आधी ये, मी बाजूला बसून सांगेन तसं काढ. निलमनं निरोप ऐकला आणि वहीत सहलीची तारीख अधिक गडद करून ठेवली. खरं सांगायचं तर लग्नाची कुणकुण तिला आधीच लागली होती; सहलीची तारीख चौघींत ठरत होती तेव्हा शितल एक आठवडा पुढं म्हणत होती, निलमनंच त्याच आठवड्याचा हट्ट धरला. नविनला तिनं सांगितलं की तिकिटं मिळतच नव्हती. तो मास्तर असला तरी खुळा नव्हता. तिच्याकडे बघून ‘बरं’ म्हणाला आणि पेपर तपासायला बसला.

रविवारी दुपारी ती आईला सांगायला गेली. डहाणू रोडहून आशागडपर्यंत टमटममध्ये तिच्या पायाशी कुणाचीतरी सुक्या बोंबलांची टोपली होती, आणि शेजारचा बाप्या झोपेत तिच्या खांद्यावर कलंडत होता. एरवी या वासाचं तिला काही वाटत नसे, आज मात्र ती तोंड बाहेर काढून बसली. पाड्यावर पोचली तेव्हा सुकऱ्या आणि त्याची बायको चिकूच्या वाडीवर कामाला गेले होते, रूपी मैत्रिणीकडे. आई एकटीच ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. म्हणाली, ये बाय, पाणी घे. निलमनं पाणी घेतलं, बसली, आणि हातांकडे न बघता सांगून टाकलं की लग्नाला जमणार नाही, आधीच ठरलंय, दूर हिमालयात जायचंय, पैसे भरून झालेत. ती वाट बघत होती की आई रागावेल. आई रागावली असती तर किती सोपं झालं असतं. आईनं सूप हलवणं थांबवलं नाही. तिनं एवढंच विचारलं की तिकडं माणसं राहतात का, नि खातात काय. आणि त्या चांगल्या प्रश्नानं निलम भडकली. तिला काय झालं कोण जाणे, तिनं सगळं ओकून टाकलं. ऑफिसातल्या बायका, नवरीचे दागिने, ती डोल्मा, तिची मेलेली सासू, बंद पेटी, आणि आपण तिला काय काय बोललो ते. आईला लागावं म्हणूनच सांगत होती ती. दहा मिनिटांचं काम, कोणाला कळणार, हे तिनं दोनदा म्हटलं.

आईला लागलं नाही. ती तांदळातला खडा वेचून फेकत म्हणाली, “तिला अक्कल नाय. नाय म्हनाली कशाला? अशा लोकांना नाय म्हनायचं नाय, ते मग दारातच बसतात. हो म्हनायचं नि दुसरांच कायतरी द्यायचं.”

निलमनं विचारलं, म्हणजे काय. आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं. मग सांगायला लागली, पाड्यावर शंभरदा सांगून झालेली गंमत सांगावी तशी. ते बसवाले आले होते, आठवतंय ना? त्यांना चौक काढून दिला. साखळी काढली, चांद काढला, सूर्य काढला, सगळं व्यवस्थित. पण मध्ये देवी कशाला काढू? देवी काय वाटेवर पडलीय? “मधी तीच काढली, ती काळ्या चष्म्याची. माझी गळसरी चाचपत होती ती. खांद्याला पिशवी पन काढली तिच्या. नि तीच हात जोडून उभी, स्वतःच्याच पुढं.” आई पुन्हा हसली. पाड्यावरच्या बायकांना एका नजरेत कळलं, वर्षभर हसत होत्या. जिवलीनं मडमेला देवी केली म्हणून झिपरूची आजी मरेपर्यंत चिडवायची. मग हसू थांबवून तिनं निलमकडे जरा नवलानं बघितलं. “तुला नाय कळलां? तू तर दारातच होतीस.”

ओट्यावर ऊन होतं. समोरच्या कुंपणावर कुणाचीतरी साडी वाळत होती. निलमला आता ती पिशवी दिसली. उजव्या खांद्यापासून खाली एक रेघ, तिच्या टोकाला चौकोन. बाप गेल्यानंतर कितीतरी सुट्ट्या ती त्या चौकोनासमोर हात जोडून बसली होती आणि तो देवीचा काहीतरी अलंकार असावा असं धरून चालली होती. पाड्यावरच्या शेंबड्या पोरीला कळलं असेल. तिला कळलं नाही. तिनं चष्मेवालीला नवस केला होता. तिच्याकडं भावाचा जीव मागितला होता. घशाशी जे आलं ते हसू होतं की उलटी हे तिला समजेना, आणि त्या गडबडीत, जे सव्वीस वर्षं कुणाला बोलली नव्हती ते तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, मला वाटलं ती देवी होती, आये. मला वाटलं, तू तिला फुकट बोलावलीस, म्हणून बाबा पडला.

सूप थांबलं. आईनं ते मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं, तांदूळ सांडणार नाहीत असं बेतानं ठेवलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं आणि त्या जागी जे आलं ते निलमनं आरशात रोज बघितलेलं होतं. नाकाच्या कडा किंचित आत ओढलेल्या, ओठ मिटलेले, समोरचं बघवत नाही असं. फक्त या वेळी समोर निलम होती.

“म्हनून लग्नात चौक नको म्हनालीस,” आई म्हणाली. “मी समजले, पोर शिकली, तिला आमची लाज वाटते. लाज वाटली तर काय, सगळ्यांच्या पोरांना वाटते. पन तू माना नवऱ्याला खानारी समजत होतीस. नि माझ्याच हातचां जेवत होतीस.”

निलमनं तिचा हात धरायला हात पुढे केला. आईनं आपले हात पदरात घेतले. ती ओरडली असती, रडली असती, तर निलमनं तिचे पाय धरले असते. पण ती तशीच बसून राहिली आणि सांगत गेली, साध्या आवाजात, की तुझा बाप पडला त्या दिवशी ताप होता त्याला, मी नको जाऊ म्हटलं, तो गेला. आणखी काही नाही. विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. निलम म्हणाली, मी येते लग्नाला. सहल रद्द करते. मी काढते चौक, तू सांग तसं काढते. आई उठली, कमरेवर हात देऊन सरळ झाली. ती म्हणाली की नको, जयवंतीला सांगितलंय. जयवंती म्हणजे शेजारच्या घरातली सून, मागच्याच वर्षी लग्न होऊन आलेली. निरोपाला महिना झाला, तू काही कळवलं नाहीस, म्हणून मी तिला शिकवायला घेतली. बरा आहे पोरीचा हात. “तुला देवी ओळखत नाय, तू कशी काढशील?” हे ती टोचून बोलली नाही. खरंच विचारलं तिनं. मग सूप उचलून आत जाताना दारात थांबली, वळली नाही. “तांदूळ वाटायला बाया लागतात. यायचं तर ये.”

निलम सडकेपर्यंत चालत आली. टमटम नव्हती. चिकूच्या वाडीतून कुजलेल्या फळांचा गोडसर वास येत होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. तिला स्वतःच्या अंगाची शिसारी येत होती, पर्फ्यूम मारलेल्या मानेची, बॅगेतल्या त्या वहीची, तिच्यातल्या सुवाच्य अक्षराची. अशी शिसारी की जी धुऊन जाणार नाही, हेही तिला कळत होतं. जाऊन काय मोठंसं होणार होतं? आई तिच्या हातात पाटा-वरवंटा देईल, एका कोपऱ्यात बसवील, आणि जयवंतीच्या बाजूला बसून तिला सांगत राहील. पाड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावतील. फोन वाजला तेव्हा तिला वाटलं प्राजक्ताच असणार, पोशाखाचं काय झालं म्हणून. तर डोल्मा होती.

डोल्मा म्हणाली की तिनं विचार केला. नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, सीझन दोन महिन्यांचा, लोक रिव्ह्यू वाईट देतात, तर काढून दे. तर ती पेटी उघडेल, दीदी. दहा मिनिटंच ना? तिचा आवाज अगदी सपाट होता. जिवलीनं तांदूळ भिजत घालायला आत जाताना आवाज काढला असता तर तो असाच निघाला असता, असं निलमला वाटलं. तिनं सडकेच्या कडेला, उन्हात, फोन कानाशी घट्ट धरला.

“मत खोलो,” ती म्हणाली. “घर में जो भी पुराना कपड़ा है वो पहना दो. बोलो कि शादी का है. हमको कुछ समझता नहीं.”

मग डोल्मानं जपून विचारलं, पक्का, दीदी? बाद में कोई बोलेगा तो नहीं? निलम म्हणाली, कोई नहीं बोलेगा, सब हाथ जोड़ के फोटो निकालेंगे. डोल्मा हसली, थोडंसंच, तोंडावर हात धरून हसावं तसं. मग कामाचं बोलायला लागली, खाटा किती लागतील, रजया किती लागतील. चार लोग हैं ना, दीदी?

“तीन,” निलम म्हणाली. “मेरे घर में शादी है. मेरे को चावल पीसने का है.”